काना कुठं होता

स्मरणिकेला दोन पानं हवीत, शनिवारपर्यंत.
विषय : मी लिहायला कशी शिकले.
पहिल्या मसुद्यात मी पाटी घातली,
पाटीवर ओला बोळा फिरवला,
घाटगे बाईंना हसरा चेहरा दिला.
घाटगे बाई हसत नसत.
पाटी थोरल्या भावाची होती,
तिला हात लावला की तो चिमटे काढायचा.

खोडते.

खरं म्हणजे मी आधी उलटं वाचायला शिकले.
उद्यमनगरात, दुपारी साडेबाराला, डबा घेऊन,
ओतकामाच्या शेडमध्ये, जिथं वाळूत मळी कालवलेली
आणि सगळ्या काळ्याला गोडसर जळका वास.
आबा गुडघ्यावर बसून पॅटर्न उचलायचे,
श्वास धरून, झोपलेल्या पोराखालून हात काढावा तसा.
मागं राहायचं इंजिनाचं झाकण, पोकळ,
आणि त्याच्या कडेला आमचं गाव, शेवटाकडून सुरू झालेलं :
र पहिला, को सगळ्यात शेवटी,
प्रत्येक अक्षर आपल्याकडं पाठ करून.
मी बोट पुढं केलं की म्हणायचे,
"हात नगं लावू, बारके. वाळूला समदं याद ऱ्हातंय.
लोखांड वतलं की सरळ हुतंय बग."

व्हायचं.
दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशनं घासलं की
कोल्हापूर, ठसठशीत, हाताला लागणारं.
आबांना ते वाचता येत नव्हतं.
पण एकदा ल्हा ची कड साच्यातच ढासळली,
तर झाकणावर नुसता अंगठा फिरवून म्हणाले,
"हितं कायतरी आजारी हाय."

शाळेत मी न उलटा काढला, ग उलटा काढला.
घाटगे बाईंनी पट्टी आडवी नाही, उभी मारली.
हे राहू दे.

आता तो प्रसंग, जो मी सगळीकडं सांगते,
बारशात, निरोप समारंभात, एकदा तर बँकेच्या रांगेत :
पगाराच्या वहीवर अंगठा नको, म्हणून
मी आबांना सही शिकवली दहा दिवस.
(चार दिवस. पाचव्या दिवशी मला कंटाळा आला असता.)
केरबा. तीन अक्षरं.
चौथ्या दिवशी, डबा उघडण्याआधी,
त्यांनी थापीनं वाळू सपाट केली,
बोटानं लिहिलं, आणि माझ्याकडं बघितलं.
मी वाचलं : बारके.
आणि हसले. आबा, उलटं! स्वतःचं नावच उलटं!
भट्टीवरचा बादशाभाई हसला, सगळी शेड हसली.
इथं ऐकणारेही हसतात.
आबांनी तळवा फिरवला. वाळू सपाट.
रिटायर झाले तेव्हाही अंगठाच दिला त्यांनी,
हे मी सहसा सांगत नाही.

काल रात्री हे पहिल्यांदाच कागदावर लिहीत होते.
केरबा लिहिलं. खाली बारके लिहिलं.
आणि पेन थांबलं.

साच्यातली अक्षरं असती
तर काना ब च्या आधी आला असता.
ब चं पोट उजवीकडं गेलं असतं,
र तोंड फिरवून बसला असता.
आणि मी तर एका नजरेत, न अडखळता, वाचलं होतं.
की मला तेव्हा दोन्हीकडून तितकंच सहज वाचता यायचं?
मी तीन अक्षरं दिली होती त्यांना.
त्याच तीन अक्षरांत दुसरं कुणाचं नाव बसतं,
हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही.
त्यांना चार दिवसांत सुचलं असेल का?

डोळे मिटते. वाळू दिसते,
जळकं नख दिसतं, डब्याची कडी दिसते.
काना दिसत नाही.

सकाळी बादशाभाईला फोन केला.
ऐकू कमी येतं आता, तीनदा सांगावं लागलं.
म्हणाला, "आमास्नी कुठं वाचाय येत हुतं, पोरी?
तू हसलीस, म्हणून हसलो."

आज शुक्रवार.
दीड पान झालंय.